रेफ्रीवरून भांडायचंय ना, मग नीट भांडा: सोलापूरच्या फुटबॉलवाल्यांसाठी

रेफ्रीला शिव्या देऊ नका असं सांगायला हे लिहीत नाहीये. द्या की, कोण अडवलंय. फक्त आपल्याकडं शनिवार-रविवारच्या मॅचनंतर पार्क चौकात चहा घेता घेता जे भांडण होतं ना, त्यात दोन तास जातात आणि शेवटी कुणाचं म्हणणं काय होतं हेच कळत नाही. इंग्लंडच्या क्लबांवरून, आर्सेनलवाला म्हणतो आमच्यावरच अन्याय, लिव्हरपूलवाला म्हणतो तुझं काय घेऊन बसलास बे आमचा तर अख्खा गोल खाल्ला, मँचेस्टर युनायटेडवाला गप्प कारण त्यांना हरायला रेफ्री लागतच नाही. कोण ऑफसाईडवर बोलतंय, कोण पैसे खाल्ले म्हणतंय, कोण 1986 चा मॅराडोनाचा हातानं मारलेला गोल काढतंय. म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकू, हा वाद घालायचा कसा.

आधी ठरवा भांडण कशाचंय

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. रेफ्रीचा निर्णय चुकीचा वाटला की त्यामागं चारपैकी एक कारण असतं. एक तर जे घडलं ते रेफ्रीला दिसलंच नाही किंवा चुकीचं दिसलं. नाहीतर दिसलं बरोबर पण त्याचा अंदाज तुमच्यापेक्षा वेगळा निघाला. नाहीतर निर्णय नियमाप्रमाणे बरोबर, पण नियमच डोक्यात जाणारा. आणि चौथं म्हणजे सगळ्यांना सगळं दिसलं, कळलं, तरी कामाच्या पद्धतीत घोळ झाला. या चारींचं भांडण वेगवेगळं असतं. आपण चारी एकत्र कालवतो आणि मग म्हणतो समोरच्याला अक्कल नाही.

पहिल्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. 11 जून 2024, दोहा, भारत विरुद्ध कतार, वर्ल्ड कप क्वालिफायर. छांगतेच्या गोलवर आपण 1-0 पुढं, आणि 73 व्या मिनिटाला बॉल गोललाईनच्या बाहेर गेला, आपला कीपर गुरप्रीत खाली पडलेला, कतारच्या प्लेअरनं तो बाहेरचा बॉल परत आत ओढला आणि युसुफ आयमननं गोल मारला. रेफ्रीनं गोल दिला. त्या राऊंडला व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफ्री) नव्हतं, म्हणजे परत बघायची सोयच नाही. आपण 2-1 हरलो आणि पुढच्या राऊंडचं दार बंद. इथं 'प्रत्येकाचं मत वेगळं असतंय' वगैरे बोलायचं कारण नाही, बॉल बाहेर होता का आत होता एवढाच प्रश्न आहे.

चौथ्याचं उदाहरण लिव्हरपूलवाले झोपेतसुद्धा सांगतील. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅमच्या ग्राउंडवर लुईस डियाझनं गोल मारला, मैदानावर ऑफसाईड दिला (म्हणजे पास सुटताना तो समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढं होता), व्हीएआरनं चेक केलं तर तो ऑनसाईड होता. आता गंमत बघा, व्हीएआरवाल्याला वाटलं की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून तो 'चेक कम्प्लीट' म्हणून मोकळा झाला, आणि रेफ्रीनं ते ऐकून ऑफसाईडची फ्री किक घेऊन खेळ चालू केला. म्हणजे रेषा बरोबर, नजर बरोबर, नियम माहिती, आणि निकाल उलटा. खेळ एकदा चालू झाला की असला निर्णय मागं घेता येत नाही, म्हणून चूक कळूनही सगळे बघत बसले. नंतर रेफ्रींच्या संघटनेनं मोठी मानवी चूक म्हणून कबूल केलं आणि ऑडिओ पण बाहेर काढला. हे भांडण रेफ्रीच्या नजरेवर नाही, बोलण्याच्या पद्धतीवर घालायचं, की मैदानावर निर्णय काय दिलाय हे आधी मोठ्यानं बोलून कन्फर्म का नाही करत.

नियमच डोक्यात जाणारा म्हणजे 2021 ची नेशन्स लीग (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनल, फ्रान्स-स्पेन. एम्बापे ऑफसाईड पोझिशनला, पण पास येताना स्पेनच्या एरिक गार्सियानं पाय लांबवला आणि त्याच्या पायाला बॉल लागला, तर तेव्हाच्या अर्थानं तो 'मुद्दाम खेळलेला बॉल' झाला आणि एम्बापेचा ऑफसाईड पुसला गेला, गोल. फ्रान्स 2-1 नं जिंकलं. जगभर बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी 2022 मध्ये नियम बनवणाऱ्यांनी 'मुद्दाम' म्हणजे काय ते परत समजावून सांगितलं, डिफेंडरला बॉल नीट दिसत होता का, वेळ होता का, शरीर सावरून खेळता आलं असतं का हे बघायचं. तर त्या रात्री रेफ्रीला शिव्या देणारे चुकीच्या माणसाला शिव्या देत होते.

नियम वाचा, सतराच आहेत

आयफॅब म्हणून संस्था आहे, फुटबॉलचे नियम तीच लिहिते, तिचं फुकट अॅप पण आहे. सगळं वाचायची गरज नाही. अकरावा नियम ऑफसाईडचा आणि बारावा फाऊलचा, एवढे दोन वाचले तरी कट्ट्यावरच्या नव्वद टक्के लोकांच्या पुढं जाल, कारण त्यांनी एकही वाचलेला नसतो.

बाराव्यात तीन पायऱ्या आहेत, त्या पाठ करा. निष्काळजीपणे मारलं तर फक्त फाऊल, कार्ड नाही. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता घुसला तर यलो. गरजेपेक्षा जास्त ताकद लावली, समोरच्याच्या जिवाशी खेळला तर रेड. 'बॉलला पाय लागला होता बे' हे वाक्य या तिन्ही पायऱ्यांत कुठंच नाही. बॉल मिळाला तरी त्याच टॅकलला रेड बसू शकतं. हे एक जरी डोक्यात बसलं तरी आपल्या ग्रुपची निम्मी भांडणं मिटतील.

हँडबॉलला हात लागला की पेनल्टी असं नसतं. हात मुद्दाम नेला का, किंवा हातानं शरीर अनैसर्गिकपणे मोठं केलं का, हे बघतात. आणि हात सुरू कुठून होतो, तर काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेपासून, म्हणजे खांद्याला लागला तर हँडबॉल नाही. गोल मारणाऱ्याच्याच हाताला लागून बॉल आत गेला, किंवा हाताला लागल्यावर त्यानंच लगेच गोल मारला, तर चुकून लागला असला तरी गोल रद्द. पण त्याच्या टीममेटच्या हाताला चुकून लागला आणि मग यानं गोल मारला तर 2021 पासून तो चालतो. हे वाचून तुम्हाला वाटलं असेल की हे कोणी बसून ठरवलंय, तर मलाही तसंच वाटतं.

शेवटच्या डिफेंडरची भानगड पण बघून ठेवा, म्हणजे समोरच्याची गोलची नक्की संधी फाऊल करून घालवली तर रेड. नियमात 'शेवटचा माणूस' असा शब्दच नाही. गोलपासून अंतर किती, खेळ कुठल्या दिशेला चाललाय, बॉल त्याच्या ताब्यात राहिला असता का, आणि बाकी डिफेंडर कुठं किती, या चार गोष्टी बघतात. आणि 2016 पासून पेनल्टी बॉक्समध्ये बॉल खेळायचा प्रयत्न करताना फाऊल झाला तर पेनल्टी आणि यलो, रेड नाही. ओढलं, ढकललं, बॉलशी काही संबंधच नव्हता, तर रेड. त्यामुळं 'परवा याला रेड दिलं मग आज याला यलो कसं' म्हणायच्या आधी एक फाऊल बॉक्सच्या आत होता की बाहेर हे तपासा, बऱ्याचदा तिथंच उत्तर असतं.

रिप्ले बघायची पद्धत

आधी एकदा नॉर्मल स्पीडला बघा. मग स्लो करा. उलटं करू नका. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल खुनी दिसतो, कारण पाय हळूहळू येताना दिसतो आणि वाटतं यानं विचार करून मारलाय, खरं तर सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत झालेलं असतं. व्हीएआरला पण हेच सांगितलेलं असतं, कुठं लागला, हाताला लागला का, बॉक्सच्या आत का बाहेर यासाठी स्लो, आणि किती जोरात लागला हे ठरवायला नॉर्मल स्पीड. ग्रुपवर कोणी फक्त एक फोटो टाकला, बुटाचे खिळे नडगीवर, तर त्यावर रेडचा निकाल देऊ नका. व्हिडिओ मागा.

अँगलचं तर विचारूच नका. 2022 चा वर्ल्ड कप, जपान-स्पेन, मितोमानं जवळजवळ बाहेर गेलेला बॉल आत मारला आणि तानाकानं गोल केला. टीव्हीवर बाजूनं बघितलं तर बॉल आणि रेषा यांच्यामध्ये हिरवं गवत दिसत होतं, सगळं जग म्हणालं बाहेर. पण बॉल गोल असतोय ना, त्याची फुगलेली बाजू वरून बघितली तर रेषेवर मिलिमीटरभर लटकलेली होती, आणि नियम काय तर पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडं गेला पाहिजे, जमिनीवर आणि हवेत पण. गोल दिला, जपान 2-1 जिंकलं, जर्मनी घरी गेलं. तोच निकष कतारच्या गोलला लावा, तिथं बॉल चांगला बाहेर होता. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून कोणी म्हणालं 'जपानला दिला मग कतारला दिला तर काय झालं', तर त्याला शांतपणे चहा पाजा आणि परत व्हिडिओ दाखवा.

ऑफसाईडच्या रेषांबद्दल एक हिशोब सांगतो. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेतोय असं धरा, आणि स्ट्रायकर सेकंदाला 8 मीटर पळतोय. म्हणजे एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तो 16 सेंटीमीटर सरकला. डिफेंडर उलट्या दिशेला पळत असेल तर अंतर अजून वाढतं. पास नेमका कुठल्या फ्रेमला सुटला हे माणूस निवडणार, आणि मग तुम्ही म्हणणार बोटभर ऑफसाईड पक्का. 2022 च्या वर्ल्ड कपला म्हणूनच स्टेडियमच्या छताखाली 12 कॅमेरे बसवले, प्रत्येक प्लेअरचे 29 पॉइंट सेकंदाला 50 वेळा मोजले आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती देत होता, म्हणजे पास कधी सुटला ते बॉलच सांगणार. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सेमी-ऑटोमॅटिक ऑफसाईड (कॅमेरे आणि कॉम्प्युटरनं रेषा काढायची) एप्रिल 2025 मध्ये आलं. त्याच्या आधीच्या बोटभर ऑफसाईडवर भांडायचं असेल तर खुशाल भांडा, तुमच्याकडं मुद्दा आहे.

व्हीएआरला प्रश्न काय विचारलेला असतो

इथंच कन्सिस्टन्सीची, म्हणजे सगळ्यांना सारखा न्याय देण्याची, सगळी गोची आहे. पेनल्टी होती का, असा प्रश्न व्हीएआरला नसतोच. त्याला विचारलेलं असतं, मैदानावरच्या रेफ्रीनं उघडउघड, स्पष्ट चूक केली का. समजा दोन मॅच, दोन्हीत सारखाच धक्का, दोन्ही 50-50. एका रेफ्रीनं पेनल्टी दिली, दुसऱ्यानं नाही. व्हीएआर दोन्हीकडं म्हणणार स्पष्ट चूक नाही, चालू द्या. दोन्हीकडं व्हीएआर आपल्या नियमानं बरोबर वागलं आणि तुमच्या हातात दोन सारखे धक्के आणि दोन वेगळे निकाल. तुम्ही म्हणता धडधडीत अन्याय. अन्याय आहे, पण तो कुणा माणसानं केलेला नाही, तो त्या पद्धतीतच भरलेला आहे. 'व्हीएआर झोपलंय का' याच्याऐवजी 'चूक स्पष्ट आहे म्हणायचा उंबरा एवढा वर का ठेवलाय' हे विचारलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर उंबरा वरच ठेवलेला बरा, नाहीतर प्रत्येक कॉर्नरला चार मिनिटं थांबून बघत बसायचं, आपल्याकडं तेवढ्यात लाईट जाते.

दोन प्रसंगांची तुलना करायची असेल तर

राईसचं रेड घ्या, यावर आपल्या कट्ट्यावर जवळजवळ हाणामारी झालेली. 31 ऑगस्ट 2024, आर्सेनल-ब्रायटन. डेक्लन राईसला एक यलो आधीच होतं, दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला ब्रायटनची फ्री किक, त्यानं बॉलला हळूच पाय लावून सरकवला, दुसरं यलो, बाहेर. आणि त्याच मॅचमध्ये पहिल्या हाफला ब्रायटनच्या जोआओ पेड्रोनं बॉल लांब उडवला होता, त्याला काही नाही. तीन आठवड्यांनी 22 सप्टेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध आर्सेनलच्याच ट्रोसार्डनं फाऊलनंतर बॉल उडवला, त्यालाही दुसरं यलो, बाहेर. त्याच मॅचला सिटीच्या डोकूनं बॉल उडवलेला, त्याला सोडलं.

आर्सेनलवाले काय म्हणतात, तर राईसला द्यायला नको होतं. इथं थांबा. नियम स्पष्ट आहे, खेळ परत सुरू करायला उशीर केला तर यलो, बॉल मारून लांब घालवणं त्यातच येतं. म्हणजे राईसचं कार्ड नियमानं बरोबर. चूक कुठं असेल तर पेड्रोला आणि डोकूला न देण्यात. 'त्याला सोडलं म्हणून मलाही सोडा' आणि 'मला दिलं तर त्यालाही द्या' या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि कन्सिस्टन्सीच्या नावाखाली निम्मे लोक पहिली मागणी करत असतात, म्हणजे त्यांना सारखेपणा नको असतो, सूट हवी असते. बोलायच्या आधी तुमची कुठली ते ठरवा. दुसरी असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे.

मग बारकावे बघा. पेड्रोच्या वेळी थ्रो-इन होता, समोर कोणी लगेच बॉल घ्यायला उभा होता का? राईसच्या वेळी ब्रायटनचा वेल्टमन किक मारायलाच आला होता, त्यानं तर राईसच्या पायावरच मारली. हा फरक पुरेसा आहे का नाही यावर भांडा, ते खरं भांडण. मला विचाराल तर पुरेसा नाही, बॉल पन्नास पावलं उडवणाऱ्यानं जास्त वेळ खाल्ला. आणि ही दोन्ही रेड कार्डं दुसऱ्या यलोची होती, तेव्हा व्हीएआरला दुसऱ्या यलोत पडायचा अधिकारच नव्हता, तर त्यात व्हीएआरला ओढू नका.

जाता जाता, गोलकीपरनं बॉल हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही हा नियम कित्येक वर्षं पुस्तकात होता आणि कोणीच लावत नव्हतं. सगळ्यांना सारखं सोडत होते, म्हणजे कन्सिस्टन्सी एकदम फर्स्ट क्लास. 2025-26 पासून आठ सेकंद केले आणि शिक्षा म्हणून कॉर्नर ठेवला, तेव्हा कुठं कीपर घड्याळ बघायला लागले.

पैसे खाल्ले म्हणायच्या आधी

असं होतंच नाही असं नाही. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर नावाच्या रेफ्रीनं पैसे घेऊन मॅच फिरवल्या, 2005 मध्ये उघड झालं, जेलची शिक्षा झाली. इटलीत 2006 ला फोन टॅपिंगमधून रेफ्री कोण लावायचे यावरची सेटिंग बाहेर आली, युव्हेंटसच्या दोन लीग काढून घेतल्या आणि खालच्या डिव्हिजनला पाठवलं. पण दोन्हीकडं पुरावा तपासातून, कबुलीतून, फोनवरच्या बोलण्यातून आला. रिप्ले बघून कोणी पकडला नाही. म्हणून एक पेनल्टी दिली नाही यावरून 'विकला गेलाय' म्हणणं म्हणजे उगाच.

पैशाशिवायचा कल मात्र असतो आणि त्यावर भरपूर अभ्यास झालाय. स्पेनच्या लीगवर झालेल्या अभ्यासात दिसलं की घरची टीम एका गोलनं मागं असेल तर रेफ्री इंज्युरी टाइम (मॅचच्या शेवटची जादा मिनिटं) जास्त देतात, पुढं असेल तर कमी. कोविडमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच झाल्या तेव्हा पाहुण्या टीमला मिळणारी जादा कार्डं कमी झाली. म्हणजे गर्दीचा आवाज रेफ्रीच्या कानातून निर्णयात जातो, त्याला स्वतःलाही कळत नसेल. हे बोला की, हे बोलायला जागा आहे.

आपला कल तपासायला सोपी युक्ती आहे. प्रसंग सांगताना टीमचं नाव घ्यायचं नाही. 'लाल जर्सीवाल्यानं बॉक्समध्ये असं केलं' एवढंच सांगा, आणि मग जर्सी उलट्या करून परत विचारा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे फुटबॉलमध्ये जेवढं चालतं तेवढं लग्नाच्या बैठकीतसुद्धा चालत नसेल. आणि ग्रुपमध्ये एक वही ठेवा, साधी शंभर पानी. मॅच, मिनिट, काय घडलं, आणि व्हीएआरचा निकाल यायच्या आधी प्रत्येकाचं मत. आधी लिहायचं हे महत्त्वाचं, नंतर सगळेच म्हणतात मला माहितीच होतं. आपल्या विरुद्धचे निर्णय तर आठवणीत राहतातच, आपल्या बाजूचे पण लिहा. लिहिणारा दोन्हीपैकी कुठल्याच टीमचा नको, आमच्याकडं त्यासाठी एक अण्णा आहेत, ते फक्त क्रिकेट बघतात, अक्षर चांगलंय. आणि प्रीमियर लीगच्या सीझनला एका क्लबच्या 38 मॅच असतात, त्यात एक ठरावीक रेफ्री मोजक्याच वेळा येतो, तेवढ्यावरून 'हा आमच्या मॅचला आला की आम्ही हरतोच' असली थिअरी मांडू नका.

स्वतः मैदानात असाल तर

3 मार्च 2023, बेंगळुरूचं कंटीरवा, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) नॉकआउट मॅच, एक्स्ट्रा टाइम. केरळा ब्लास्टर्सची वॉल, म्हणजे बॉलसमोर उभी करायची प्लेअरची भिंत, अजून लागत होती, कीपर जागेवर नाही, आणि बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं पटकन फ्री किक मारून टाकली. रेफ्रीनं गोल दिला. केरळाची टीम मैदान सोडून गेली, मॅच बेंगळुरूला 1-0. पुढं केरळाच्या क्लबला 4 कोटी दंड, कोच वुकोमानोविचला दहा मॅचची बंदी आणि 5 लाख, आणि त्यांची तक्रार पण फेटाळली.

नियम बघा. फ्री किकला रेफ्रीची शिट्टी लागतेच असं नाही. कार्ड दाखवायचं असेल, कोणी जखमी असेल, बदली असेल, किंवा वॉल 9.15 मीटर मागं सरकवायला सांगितली असेल तर शिट्टीची वाट बघायची, नाहीतर मारणारा लगेच मारू शकतो. तर वादाचा प्रश्न एवढाच होता की रेफ्रीनं खेळ थांबवून वॉल मोजायला घेतली होती का नव्हती. हा प्रश्न मैदानात राहून विचारता आला असता, बाहेर जाऊन नाही.

आपल्या गल्लीतल्या टुर्नामेंटला हे दर वर्षी होतं आणि कोल्हापूरची टीम आली की हमखास होतं, ते पोरं लहानपणापासून खेळलेली, फ्री किक मिळाली की तुम्ही रेफ्रीशी हुज्जत घालेपर्यंत बॉल जाळ्यात. तर फाऊल दिला की फक्त कॅप्टननं जायचं आणि एकच विचारायचं, 'सर, शिट्टीवर का डायरेक्ट?' बाकीच्यांनी तोंड बंद ठेवून आपापला माणूस धरायचा. बॉलसमोर जाऊन उभं राहायचं नाही, त्याला यलो आहे. आणि कीपरला आधीच सांगून ठेवा, वॉल लावताना पोस्टला मिठी मारून बसू नको, एक डोळा बॉलवर ठेव.